थोरले, धाकटे आणि एक खिडकी

शनिवारी आमच्या मानक कक्षात सही मिळत नसे. साहेब यायचे, वेळेवर यायचे, टेबलाशी बसायचे, तोंडाने सगळं सांगायचे. पण पेनला हात लावायचे नाहीत. कारखान्याच्या शॉपमधून, जिथे यंत्रं घडतात तिथून, कोणी यंत्राचा नकाशा घेऊन धावत आला आणि "साहब, बस एक दस्तखत" म्हणून गयावया करू लागला, की ते हात पाठीमागे बांधून उभे राहत. "सोमवार को आइए. सोमवार को दो कर दूँगा." नव्या माणसाला वाटायचं, हा काहीतरी मागतोय. मग जुने लोक त्याला बाजूला घेऊन समजावायचे, "अरे भाई, ये शनिवारवाले साहब हैं. इनका धरम का मामला है."

खरं म्हणजे शनिवारी कामावर येणंही त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. मी स्पष्ट बोलणारी बाई. एकदा विचारून टाकलं, "मग हे यायचं कसं चालतं तुम्हाला?"

"चालत नाही," ते म्हणाले. "थोरल्यांना चालत नाही, धाकट्यांनाही चालत नाही. आणि दोन कोड जुळले की पळवाट उरत नाही, बाई. मी गुन्हेगार आहे. निदान सही तरी करत नाही."

हे थोरले-धाकटे कोण, ते सांगायला हवं. पण आधी आमचं काम सांगते, कारण त्यांच्या डोक्यात ही दोन्ही कामं एकच होती.

भोपाळचा आमचा कारखाना विजेची अवजड यंत्रं बनवायचा. पत्रा किती जाड, दाब किती, वेल्डिंग कसलं, हे सगळं कुठल्या ना कुठल्या कोडप्रमाणे, म्हणजे छापील नियमावलीप्रमाणे, ठरलेलं. त्या कोडच्या नव्या आवृत्त्या निघत राहायच्या. नवी आली की जुनीशी कलमागणिक ताडून पाहायची आणि काय बदललं ते शॉपला कळवायचं, हे मानक कक्षाचं काम. कक्ष म्हणजे साहेब, मी, एक टायपिस्ट आणि कपाटं.

ताडायची साहेबांची रीत ठरलेली. ते जुनी आवृत्ती मोठ्याने वाचणार, मी समोर बसून नवीत बोट ठेवणार. फरक दिसला की मी म्हणायचं, "थांबा." मग निळी पेन्सिल. फरक नसेल तर लाल. जगात सगळे लोक चुकीला लाल करतात, हे जुळलेल्याला लाल करायचे. "फरक असला तर माणसाला जागा मिळते," ते म्हणायचे. "जुळलं की धोका."

आणि शंका असेल तर? एखादा नकाशा ना बरोबर म्हणता येतो ना चूक, आणि शॉप तर अडून बसलंय. अशा वेळी नकाशा ते अडवत नसत. पुढे जाऊ देत, पण सही करत नसत. कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहीत, 'माहितीसाठी'. "काम थांबवायचं नाही, आणि शंकेवर सही करायची नाही." वरचे साहेब यावरून त्यांच्यावर किती वेळा भडकले असतील! यांच्यावर परिणाम शून्य.

माझी नेमणूक झाली त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं होतं, "पदवी आहे?"

"आहे. बी.एस्सी., पहिला वर्ग." पहिला वर्ग मी आजही सांगते. माझे वडील त्याच कारखान्यात फिटर, वर्ध्याकडून आलेले. आई सही करण्यापुरती शिकलेली. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं दार कोणी बघितलं नव्हतं.

"घरात आणखी कोणी शिकलेलं?"

"नाही."

"उत्तम. म्हणजे वाचायची सवय नसेल. सवय असलेली माणसं वाचत नाहीत, चाळतात."

मला इतका राग आला की घरी येऊन मी भाकरीचं पीठ तुडवून तुडवून मळलं. आई म्हणाली, "काय त्या पिठाचा जीव घेतेस?" मी सांगितलं. आईने निराळंच विचारलं, "कोण गं हे तुझे साहेब? आडनाव तर आपलं वाटतं."

"ज्यू आहेत. अलिबागकडचे."

"म्हणजे ख्रिस्ती?"

"नाही."

"मग मुसलमान?"

"अगं नाही, आई."

"मग मराठी कसे?"

दुसऱ्या दिवशी हेच मी साहेबांना सांगितलं, थोडं बोचावं म्हणूनच. त्यांना मात्र फार मजा वाटली. "तुमच्या आईला सांगा, कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. घाणा चालवायचे आमचे लोक, शनिवारी बंद ठेवायचे. आता घाणा गेला, तेल गेलं, शनिवार तेवढा राहिला. तोही अर्धाच."

सगळ्या भोपाळमध्ये त्या वेळी त्यांच्या धर्माचा दुसरा माणूस नव्हता. निदान त्यांना सापडला नव्हता. त्यांची सामुदायिक प्रार्थना व्हायची तर दहा पुरुष लागतात. "मी आहे. नऊ कमी पडतात," असं ते पावसाचा अंदाज सांगावा तशा आवाजात सांगायचे. बायको वारली तेव्हा तिला थेट अलिबागला न्यावं लागलं, कारण इथे त्यांचं कब्रस्तान नव्हतं. मुलगी लग्न करून इस्रायलला गेलेली. टाउनशिपमध्ये पहिल्या मजल्यावर त्यांचं क्वार्टर होतं. त्यात ते, काही भांडी, आणि थोरले व धाकटे.

थोरले म्हणजे आठेकशे वर्षांपूर्वी मिसर देशात, म्हणजे इजिप्तात, होऊन गेलेला एक वैद्य. त्याने ज्यू धर्माचा सगळा कायदा एका मोठ्या ग्रंथात क्रमाने लावला. धाकटे त्यानंतर चारशे वर्षांनी, आताच्या इस्रायलमधल्या गॅलिलीच्या डोंगरात बसून लिहिणारे. त्यांनीही कायदा लावला, पण आपल्या रीतीने. त्यांची खरी नावं साहेब क्वचितच घेत. सासरच्या थोर मंडळींविषयी बोलावं तसं 'थोरले म्हणतात', 'धाकट्यांना पटत नाही' असं चालायचं. शिवाय एक मेहुणा होता. पोलंडचा. धाकट्यांच्या ग्रंथात जागोजाग टिपा घालून 'आमच्याकडे असं नाही' म्हणणारा. मेहुण्यावर त्यांचा विशेष राग. वसंतातल्या मोठ्या सणाला धाकटे भात खाऊ देतात, मेहुणा नाही म्हणतो. "कोकणातल्या माणसाला भात नाही! याला कोणी बोलावलं होतं मध्ये?"

जेवणाच्या सुट्टीत हे वाचन सुरू व्हायचं. मूळ ग्रंथ हिब्रूत. साहेबांनी त्यातले काही भाग सुट्या कागदांवर मराठीत उतरवले होते. आमच्या कामाचीच रीत. ते थोरले वाचणार, मी समोर धाकटे धरून बसणार. सुरुवातीला मला वाटलं, डबा खाऊ द्यायचा सोडून हे काय? पण मला त्याची गोडी लागली, हे खोटं कशाला सांगू? कॉलेजात मला पुस्तकातलं पाठ करायला शिकवलं होतं. एका पुस्तकाला दुसऱ्यासमोर बसवून बोलतं करायचं, हे मी त्या टेबलावर शिकले. टायपिस्टबाई हसायच्या, "आ गए आपके छोटेवाले?" म्हणजे मी.

"थोरले सुरुवात कुठून करतात?" साहेब विचारायचे.

"देव आहे हे जाणण्यापासून."

"आणि धाकटे?"

"सकाळी अंथरुणातून उठण्यापासून."

"माझ्यासारख्याला धाकटे बरे. देव जाणायला सवड लागते. उठावं रोज लागतं."

थोरल्यांनी पडून गेलेल्या देवळाचेही सगळे नियम लिहिले आहेत. यज्ञ कसा करायचा, राजाने कसं वागायचं. देऊळ नाही, राजा नाही, नियम आहेत. धाकट्यांनी ते सगळं गाळलं. जे आज पाळता येतं तेवढंच ठेवलं. थोरल्यांनी कुठल्याच नियमाला आधार दिलेला नाही, म्हणून लोकांनी त्यांना फार बोल लावला. धाकट्यांनी मात्र जुन्या तीन जाणत्यांची जणू कमिटी नेमली, दोघांचं जमलं की तोच निकाल. त्या तिघांत एक थोरलेच! "सरकारी पद्धत," साहेब खूश होऊन सांगायचे. "निवृत्त साहेबालाच कमिटीवर घ्यायचं."

ते स्वतः डोक्याने धाकट्यांचे आणि मनाने थोरल्यांचे. आमच्या कक्षात एक कपाट होतं, भंगारात निघालेल्या यंत्रांच्या जुन्या कोडचं. स्टोअरवाले दर वर्षी ते रद्दीत मागायचे. साहेब दर वर्षी किल्ली खिशात घालून फिरायचे. "यंत्र गेलं म्हणून त्याचा कायदा जात नाही." एखाद्या गोष्टीत असं कपाट शेवटी कोणाच्या तरी उपयोगी पडलं असतं. आमचं नाही पडलं. मी तिथे होते तोवर ते कोणीही उघडलं नाही, साहेबांशिवाय. ते धूळ पुसायला उघडायचे.

आता दिव्यांचं.

हिवाळ्यात त्यांचा एक सण येतो. आठ संध्याकाळी दिवे लावायचे. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असे चढत आठव्या दिवशी आठ. दिवा बाहेरच्यांना दिसेल असा ठेवायचा, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने रस्त्याकडच्या खिडकीत. गंमत म्हणजे कोकणातल्या त्यांच्या पूर्वजांना हा सण ठाऊकच नव्हता, फार उशिरा कळला. पण साहेबांचा सगळ्यात लाडका तोच. खिडकीत पणत्या मांडून ते खड्या आवाजात आशीर्वादाचा मंत्र म्हणायचे. रस्ता ओलांडला की आमची इंद्रपुरी, आमच्या गच्चीवरून ती खिडकी सरळ दिसायची. आवाज मात्र खालच्या तिवारीणबाईंपर्यंतच. त्या जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "अंकलजी, आरती हो गई? प्रसाद?" साहेब त्यांना तळलेल्या गोड पुऱ्या द्यायचे.

या दिव्यांच्या कलमावर पहिल्यांदा आलो तेव्हा मी "थांबा" म्हणाले. थोरले म्हणत होते, अधिक हौसेने करणाऱ्याने घरात जितकी माणसं तितके दिवे पहिल्या दिवशी लावावेत, आणि रोज तितकेच वाढवावेत. दहा माणसांचं घर असेल तर शेवटच्या दिवशी ऐंशी. धाकटे म्हणत होते, घरात माणसं कितीही असोत, शेवटच्या दिवशी आठ. मेहुणा म्हणत होता, प्रत्येकाच्या हातात काडी द्या.

"निळी," मी म्हणाले.

"त्याच्या खाली वाचा. थोरल्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आमच्या मुलखात मात्र असं कोणी करत नाही, घराला एकच ओळ लावतात." साहेब हसले. "ऐंशी दिव्यांचा हिशोब मांडणारा माणूस. कोणी करत नाही हे माहीत असून मांडला."

"आणि घरात एकच माणूस असेल तर?"

त्यांनी कागद खाली ठेवला. "तर जुळतं. एकट्याच्या घरात थोरले आणि धाकटे दोघेही आठच म्हणतात." लाल पेन्सिल उचलून त्यांनी कलमाशी खूण केली. मग डब्याचं झाकण लावलं. वाचन त्या दिवशी तिथेच संपलं.

निवृत्तीच्या आधीचा त्यांचा शेवटचा हिवाळा. दिवाळी होऊन गेली होती. एक दिवस ते कक्षात शिरले तेच हात चोळत. "बाई, मुलगी येतेय. जावई, तिन्ही मुलं, सगळे. दिव्यांच्या सणाला इथे असतील." मग आवाज खाली आणून, "यंदा थोरल्यांचं करायचं. एकदा तरी."

घरात सहा माणसं होणार होती. सहा गुणिले आठ. त्यांना पणत्या हव्या होत्या, सगळ्या एकसारख्या, आणि दिवाळीनंतर पणत्या कुठे मिळणार? आमच्या बाजाराने केव्हाच मकरसंक्रांतीची तयारी धरलेली. माझी आत्या कोटरा सुल्तानाबादला राहायची, तिचे यजमान नागपूरहून राज्य सरकारच्या ऑफिसबरोबर आलेले. तिच्या गल्लीच्या टोकाला एक कुंभार होता. मी भावाच्या लुनावर तिकडे गेले. कुंभार म्हणाला, "दीदी, दिवाली तो गई. अब किसकी दिवाली है?"

"हमारे साहब की."

"लेट चल रहे हैं आपके साहब," असं म्हणत त्याने उरलेल्या पणत्या काढून दिल्या.

त्या महिन्यात साहेब वेगळेच माणूस होते. खिडकीला रंग दिला. जावयासाठी लोखंडी पलंग आणवला. तिवारीणबाईंकडून मुलांसाठी गाद्या मागून ठेवल्या. निवृत्तीनंतर मुलीकडे चला, असा तिचा दर फोनला हट्ट असायचा, आणि यांचं उत्तर ठरलेलं की माझं घर भोपाळ, मी इंद्रपुरीत दोन खोल्या घेणार. आता ते तिला दाखवायचं होतं. सहा-सहाने पेटलेली खिडकी बघितल्यावर पोर पुन्हा विचारणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. खोल्या त्यांनी बघूनही ठेवल्या होत्या, आमच्याच मागच्या गल्लीत. आईला म्हणाले होते, "वहिनी, शेजार चालेल ना?" आई म्हणाली, "या की. आम्हाला रोज शनिवारच्या गोष्टी ऐकायला मिळतील."

मुलगी निघणार त्याच्या थोडे दिवस आधी ते पीसीओवर फोन करायला गेले. मी तिथेच भाजी घेत होते. बूथचं काचेचं दार नीट लागायचं नाही, सगळं बाहेर ऐकू यायचं.

"हां, बोल... गोवर? कोणाला?... तिघांनाही?... नाही नाही, अशा अंगाने विमानात नको... अगं, मी कशाला रागवू? पुढच्या वर्षी या... काय?... कोणाच्या नावाचा?" मग एकदम मोठ्याने, "कोणी सांगितलं तुला असं करायला?... मी? मी कधी शिकवलं?... बरं. बरं. लाव."

बाहेर आले ते माझ्याकडे न बघता चालायला लागले. मी पिशवी सांभाळत मागे. तीळगुळाच्या गजकच्या गाडीपाशी ते थांबले.

"तिकडे पाच माणसं," ते म्हणाले. "पण ती दिवे सहाच्या हिशोबाने लावणार आहे. सहावा माझ्या नावाचा. म्हणते, पप्पा, थोरल्यांच्या मोजणीत तुम्ही आमच्या घरात."

"किती छान केलं तिने!"

"छान?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चाळत होते, वाचत नव्हते. "बाई, प्रवाशाचं कलम. धाकटे काय म्हणतात?"

मला पाठ होतं. परगावी उतरलेल्या माणसासाठी त्याच्या घरी दिवा लागत असेल, तर त्याने मुक्कामी वेगळा लावायची गरज नाही.

"थोरले?"

"तेच."

"पेन्सिल?"

"लाल." आणि मग मी भांडायला लागले. "पण ते प्रवाशासाठी आहे, साहेब! तुम्ही कुठे प्रवासी? सगळी नोकरी इथे झाली तुमची."

"क्वार्टर कारखान्याचं. मार्चमध्ये किल्ली परत. बायको अलिबागच्या मातीत. या गावात माझ्या रक्ताचं एक माणूस नाही. आणि तिकडे एका घरात माझं डोकं मोजलं गेलं." गाडीवाल्याने "बाबूजी, कितना दूँ?" विचारलं, ते त्यांना ऐकूच गेलं नाही. "मग मी राहतो कुठे, आणि उतरलोय कुठे?"

लेकीने मायेने केलं होतं. पण असल्या माणसाच्या बाबतीत माया सुद्धा कलमात जाऊन पडते. तिला बिचारीला काय ठाऊक की एक दिवा तिकडे लावून तिने इथली खिडकी काढून घेतली!

सणाच्या पहिल्या संध्याकाळी आई गच्चीवर वाळवण काढायला गेली आणि वरूनच ओरडली, "अगं, तुझ्या साहेबांच्या खिडकीत दिवा नाही. बरे आहेत ना? जा, बघून ये."

मी गेले तेव्हा तिवारीणबाई त्यांच्या दाराशी कडी वाजवत उभ्या. "अंकलजी, तबीयत तो ठीक है?" साहेबांनी दार उघडलं. आत ट्यूबलाइट चालू, टेबलावर अर्धं खाल्लेलं ताट. कोपऱ्यात तो लोखंडी पलंग, त्यावर पणत्यांची टोपली, गवतात गुंडाळलेली, तशीच.

"मी ठीक आहे. माझा तिकडे लागतोय," ते म्हणाले. तिवारीणबाईंना काही कळलं नाही, पण माणूस उभा आहे एवढं बघून त्या खाली गेल्या.

ते पुन्हा ताटावर बसले, मी आत जाऊन त्यांच्यासमोर बसले. आमच्या कामाला बसायचे तशी. मी काय करणार होते? धाकटे माझ्याकडे, पण धाकटे तर लाल. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि मला एकदम सुचलं.

"थांबा," मी म्हणाले.

ते ताटावरून मान वर करून बघायला लागले.

"तिकडे आत्ता काय वाजलं असेल? त्यांचं घड्याळ आपल्या मागे ना? तिकडे अजून ऊन आहे. संध्याकाळ झालेली नाही. तुमचा दिवा तिकडे अजून लागलेला नाही, साहेब. मग आत्ता, या घटकेला, तुम्ही कुठल्या घरचे?"

साहेबांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी सांगू शकत नाही. इतकी वर्षं समोर बसून मी त्यांच्या कागदावर बोट ठेवत आले होते. त्यांच्या कागदात नसलेलं मी पहिल्यांदाच बोलले होते.

"हे थोरल्यांनी लिहिलं नाही," ते हळूच म्हणाले.

"धाकट्यांनीही नाही."

"मेहुणा?"

"त्याला कोण विचारतंय!"

ते हसले. मोठ्याने, पाठ मागे टाकून. मी तोवर त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग उठले, हात धुतले, टोपलीतून एक पणती काढली, तेल घातलं, वात लावली आणि खिडकीत ठेवली. एकच. पहिला दिवस, एकटा माणूस.

मी मंत्राची वाट बघत उभी राहिले. त्यांनी काडी विझवली आणि बाजूला ठेवली.

"मंत्र?"

"लिहिलेलं नाही, म्हणजे शंका. शंका असली की दिवा लावावा, मंत्र म्हणू नये." त्यांनी पणती जरा रस्त्याच्या बाजूला सरकवली. "मंत्र म्हणजे सही, बाई."

मी घरी आले. आई गच्चीवरच होती. "लागला गं दिवा," ती म्हणाली. मी हो म्हणाले.

आठही संध्याकाळी त्या खिडकीत दिवे लागले. आठही वेळा तिवारीणबाई जिन्यात मला विचारत राहिल्या, "अंकलजी आजकल गाते नहीं?"

मार्चमध्ये निरोप समारंभ झाला, भाषणं झाली, शाल झाली. मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या दुसऱ्या कोणी तरी घेतल्या. थोरले आणि धाकटे ट्रंकेत भरले गेले. भंगारात निघालेल्या यंत्रांच्या कपाटाची किल्ली साहेबांनी मला दिली आणि ते लेकीकडे गेले.

पुढच्या हिवाळ्यात एक दिवस मानक कक्षात फोन वाजला. आवाज लांबून येत होता, मधेमधे बुडत होता.

"बाई, मी."

"साहेब! कसे आहात? सण चालू असेल ना?"

"काल संपला. थोरल्यांच्या मोजणीने लावले. सहा माणसांचे. खिडकीत मावेनात, जावयाने जिन्यावर फळी ठोकली." मग, "तुमच्या पणत्यांसारख्या नाहीत इथे. मेणबत्त्या आहेत."

"मंत्र म्हणालात की नाही या वेळी?"



"जावई म्हणतो," ते म्हणाले. "घर त्याचं. मी आमेन म्हणतो."

मग त्यांनी विचारलं, "माझ्या खिडकीत कोण राहतं आता?"

"नवीन फॅमिली आली आहे. दोन मुलं आहेत. खिडकीत कूलर बसवलाय त्यांनी, काढतच नाहीत, हिवाळ्यातही प्लास्टिक गुंडाळून तिथेच."

"मग दिवा ठेवायला जागा नसेल."

"नाही, साहेब."

"बरं झालं," ते म्हणाले. "शंका मिटली."